पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर रोज स्वॅप भरतोय? स्वॅपिनेसला हात लावण्याआधी पेज टेबल बघा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. अनेक शाखा असलेल्या पतसंस्थेसाठी एकच लिनक्स सर्व्हर आहे. रॅम ३२ जीबी, त्यावर पोस्टग्रेस १५ डेटाबेस, शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनची सामायिक कॅश) ८ जीबी, वर्क मेम (सॉर्टसारख्या एकेका कामाला मिळणारी मेमरी) ६४ एमबी. शाखांमधल्या काउंटरवरचा प्रोग्राम डेटाबेसला थेट जोडला जातो, त्यामुळे कामाच्या वेळात चारशेच्या आसपास कनेक्शन उघडी असतात. रिपोर्ट काढणारं जावा ॲप्लिकेशनही त्याच मशीनवर, हीप (त्याची मुख्य कामाची मेमरी) ८ जीबी. स्वॅप, म्हणजे रॅममधली पेजेस (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) हलवायची डिस्कवरची जागा, २ जीबीचा, एसएसडीवर. तो रोज सकाळी अकराच्या सुमारास काठोकाठ भरतो आणि मग काउंटरवर सगळं रखडतं. स्वॅपिनेस (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वॅपकडे किती झुकतो ते ठरवणारं सेटिंग) तुम्ही ६० वरून १० केला, मग १ केला, फरक शून्य. एकाने सांगितलं स्वॅप बंदच करा, दुसऱ्याने सांगितलं पेज साइझ वाढवा. आता तुम्ही तीन आकडे विचारताय: स्वॅप किती, स्वॅपिनेस किती, आणि पेज ४ केबीवरून किती करावं.

तीनही आकडे सांगतो. पण तुम्ही मेमइन्फोचा (मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या लिनक्सच्या फाइलचा) जो उतारा दिलाय त्यात एक ओळ अशी आहे की तिच्यापुढे हे तिन्ही प्रश्न दुय्यम ठरतात. ती ओळ म्हणजे पेजटेबल्स: ४८,२१,५०४ केबी. म्हणजे साडेचार जीबीहून जास्त रॅम. यात ना तुमचा डेटा आहे, ना जावाची हीप. कोणतं पेज रॅममध्ये कुठे आहे, याची फक्त नोंद ठेवण्यात ही रॅम गेली आहे. तुमच्या मशीनचं खरं दुखणं इथे आहे. स्वॅप भरणं हा त्याचा परिणाम.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. एक्स८६ प्रोसेसरवर साधं पेज ४ केबीचं असतं. १९८५ च्या ८०३८६ पासून हा आकार तोच आहे आणि तो तुम्हाला ८ किंवा १६ केबी करता येत नाही. ४ केबीच्या जोडीला प्रोसेसर आणखी दोन आकार देतो, २ एमबी आणि १ जीबी. लिनक्समध्ये त्यांनाच ह्यूज पेजेस म्हणतात. म्हणून ‘पेज साइझ वाढवा’ या सल्ल्याचा अर्थ एवढाच, की मेमरीच्या एखाद्या मोठ्या तुकड्यासाठी ही मोठी पेजेस वापरा. बाकी सगळी सिस्टीम ४ केबीवरच चालते. (तुमचं मशीन क्लाउडवरचं एआरएम असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे कर्नल कसा बांधलाय त्यावर मूळ पेज ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ चालवून आधी खात्री करा. खालचे सगळे आकडे ४ केबी धरून आहेत.)

आता हिशोब. ८ जीबी शेअर्ड बफर्स म्हणजे ४ केबीची २०,९७,१५२ पेजेस. प्रत्येक पेजची नोंद ८ बाइटची. म्हणजे एका प्रोसेसने सगळे शेअर्ड बफर्स एकदा चाळले, की तिच्या पेज टेबलमध्ये १६ एमबीच्या नोंदी तयार होतात. एका प्रोसेसपुरतं हे काहीच नाही. पण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं आणि प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल तिचं स्वतःचं असतं. बफर सामायिक, नोंदी मात्र ज्याच्या त्याच्या. तुमच्याच कामातलं उदाहरण द्यायचं तर खतावणी एकच, पण चारशे कारकुनांनी तिची अनुक्रमणिका आपापल्या वहीत उतरवून घेतलेली. ४०० गुणिले १६ म्हणजे ६.४ जीबीपर्यंत हा आकडा जाऊ शकतो. प्रत्येक बॅकएंड (म्हणजे एका कनेक्शनची प्रोसेस) सगळे बफर चाळत नाही, म्हणून तुमच्याकडे तो साडेचारच्या पुढे थांबलाय.

आणि तो सकाळी दहाला एवढा नसतो, हेही लक्षात घ्या. काउंटर उघडताना कनेक्शन नवं असतं, टेबल रिकामं असतं. जसजसा प्रत्येक बॅकएंड वेगवेगळ्या खात्यांची पेजेस वाचत जातो, तसतशा नोंदी वाढतात, आणि कनेक्शन बंद होईपर्यंत त्या कमी होत नाहीत. तुमचा काउंटरचा प्रोग्राम सकाळी जोडला जातो तो संध्याकाळी सुटतो. म्हणून दुखणं दहाला न होता अकराला सुरू होतं. प्रॉक या डिरेक्टरीखालची मेमइन्फो दर पाच मिनिटांनी एका फाइलमध्ये साठवून ठेवा. पेजटेबल्सची ओळ चढत जाताना तुम्हाला स्वतःला दिसेल.

जावाचं तसं नाही. तिथे शंभर थ्रेड असले तरी प्रोसेस एक, म्हणून पेज टेबल एकच. ८ जीबीच्या हीपला १६ एमबी लागले, विषय संपला. याच कारणाने जावासाठी दिला जाणारा सल्ला पोस्टग्रेसला जसाच्या तसा लागू पडत नाही.

तुमच्या मशीनची ढोबळ बेरीज बघा. शेअर्ड बफर्स ८ जीबी. जावा १० जीबी, कारण हीपच्या बाहेर मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, डायरेक्ट बफर हेही असतं. चारशे बॅकएंडची खासगी मेमरी सरासरी १० एमबी धरली तरी ४ जीबी. पेज टेबल साडेचार. झाले साडेसव्वीस. उरलेल्या पाच-साडेपाच जीबीत कर्नलचं बाकीचं काम आणि पेज कॅश (डिस्कवरच्या फाइलींची रॅममधली प्रत). अशात अकरा वाजता कुणी मोठे रिपोर्ट लावले, की वर्क मेमचे ६४ एमबी दर सॉर्टला आणि हॅशला तर त्याच्या दुप्पट (हॅश मेम मल्टिप्लायर १५ व्या आवृत्तीपासून मुळात २ असतो). एका क्वेरीत असे तीन-चार टप्पे सहज असतात. वीस रिपोर्ट एकत्र चालले की उरलेली जागा संपते आणि कर्नल स्वॅपकडे वळतो.

स्वॅपिनेस बदलून फरक का पडला नाही, तेही यातच आहे. स्वॅपिनेस म्हणजे ‘किती स्वॅप करायचं’ याची टक्केवारी नव्हे. जागा कमी पडली की कर्नलपुढे दोन ढीग असतात. एक फाइलींची पेजेस, जी डिस्कवर आधीच आहेत, ती नुसती टाकून देता येतात. दुसरी निनावी पेजेस, म्हणजे हीप, स्टॅक वगैरे, जी टाकायची तर आधी स्वॅपमध्ये लिहावी लागतात. कोणत्या ढिगातून किती घ्यायचं याचं वजन स्वॅपिनेस ठरवतो. मर्यादा पूर्वी ० ते १०० होती, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत आहे. ६० ला निनावी पेजेसचं वजन ६० आणि फाइलींचं १४०. १० ला केलं की १० विरुद्ध १९०. किती जागा मोकळी करायची हा आकडा मात्र तसाच राहतो. तुम्ही १ केलात तेव्हा कर्नलने तीच जागा पेज कॅशमधून काढली. आणि पोस्टग्रेस तर पेज कॅशवर बरंच अवलंबून असतं, कारण शेअर्ड बफर्समध्ये न मावलेला डेटा ते तिथूनच उचलतं. म्हणजे स्वॅपचं लिहिणं-वाचणं कमी झालं आणि डेटा फाइलींचं वाचणं वाढलं. काउंटरवरच्या माणसाला दोन्ही सारखंच.

हे पडताळून बघायला व्हीएमस्टॅट पुरतं. दर सेकंदाला चालवा आणि पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘एसआय’ म्हणजे स्वॅपमधून आत येणारं, ‘एसओ’ म्हणजे बाहेर जाणारं, ‘बीआय’ म्हणजे डिस्कवरून एकूण वाचलं जाणारं. स्वॅपिनेस १ असताना अकरा वाजता एसआय-एसओ शांत आणि बीआय व डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला प्रोसेसरचा वेळ) चढलेले दिसले, तर मी वर म्हणतोय तेच घडतंय.

इथे एक गैरसमज आधी दूर करतो, कारण तुमच्या लिहिण्यातही तो डोकावतोय. स्वॅप भरलेला दिसणं हा आजार नव्हे. सकाळी एकदाच वापरलेलं आणि दिवसभर पडून राहिलेलं पेज स्वॅपमध्ये गेलं तर ते योग्यच आहे, आणि कुणी मागेपर्यंत ते तिथेच राहतं. मी अशी मशीन सांभाळतो जिथे स्वॅप महिनोन्महिने ऐंशी टक्के भरलेला असतो आणि एसआयचा रकाना शून्यावर. तिथे मी काहीही करत नाही. बघायची ती ये-जा. एसआय आणि एसओ दोन्ही मिनिटामागून मिनिट चालू राहिले, तर पेजेस नुसती आत-बाहेर फिरताहेत आणि मशीनला खरंच रॅम कमी पडतेय.

कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल तर याहून चांगलं माप आहे. प्रॉकखाली प्रेशर नावाच्या डिरेक्टरीत मेमरी ही फाइल बघा. त्यात ‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी असतात: मेमरीसाठी निदान एक काम थांबलं होतं तो वेळ, आणि सगळीच कामं थांबली होती तो वेळ, टक्क्यांत. फाइल सापडली नाही तर काही डिस्ट्रिब्युशनमध्ये ते बूटच्या ओळीत ‘पीएसआय=१’ देऊन चालू करावं लागतं. डेटाबेसच्या मशीनवर ‘फुल’ची दहा सेकंदांची सरासरी गर्दीच्या वेळी सतत पाचच्या वर राहिली, तर मी ते गंभीर धरतो. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, कुठल्या मॅन्युअलमधला नाही.

आता ‘स्वॅप बंद करा’ या सल्ल्याबद्दल. तुमच्या मशीनवर करू नका. स्वॅप नसला की निनावी पेजेस रॅममधून हलवायला मार्गच उरत नाही. मग कर्नल फाइलींची पेजेस टाकत सुटतो, आणि त्यात चालू प्रोग्रामचा कोडही येतो, कारण तोही फाइलच. मशीन तेव्हाही रखडतं, फक्त स्वॅपच्या रकान्यात काही दिसत नाही. त्याच्याही पुढे गेलं की ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येतो आणि मोठी प्रोसेस मारतो. ती जावा असली तर रिपोर्ट बंद, ठीक आहे. पण पोस्टग्रेसचा एखादा बॅकएंड असा मारला गेला, तर सामायिक मेमरी खराब झाली असेल असं धरून पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) बाकी सगळे बॅकएंड बंद करतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उठतो. म्हणजे चारशे काउंटर एका क्षणात तुटले. शिवाय गर्दीच्या वेळी स्वॅपऑफ चालवलं, की स्वॅपमधलं सगळं तिथल्या तिथे रॅममध्ये परत आणावं लागतं, जी रॅम मुळात शिल्लक नाही. ते तर अजिबात नको.

मग करायचं काय? शेअर्ड बफर्स २ एमबीच्या ह्यूज पेजेसवर न्या. ८ जीबीची २ एमबीची पेजेस होतात ४,०९६. प्रत्येकी ८ बाइट म्हणजे एका बॅकएंडला ३२ केबी. चारशे बॅकएंडचे मिळून १३ एमबीच्या आत. शेअर्ड बफर्सचा जो वाटा आज तुमच्या पेज टेबलमध्ये आहे, तो जवळजवळ पूर्ण मोकळा होईल. उरेल ती प्रत्येक बॅकएंडच्या खासगी मेमरीची नोंद, ती काही शे एमबीत मावते. नवी रॅम विकत न घेता साधारण चार जीबी हातात येते. या एका बदलाने अकराची गर्दी निभावून जाईल, असं तुमचे आकडे बघून मला वाटतं.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. साध्या पेजवरचे शेअर्ड बफर्स कर्नलच्या दृष्टीने निनावी ढिगातच मोडतात, म्हणजे तेही स्वॅपमध्ये जाऊ शकतात. विचार करा: डेटा फाइलमधलं एक पेज पोस्टग्रेसने वेगासाठी रॅममध्ये ठेवलं, आणि कर्नलने ते उचलून डिस्कवरच्या स्वॅपमध्ये लिहिलं. कॅशचा अर्थच संपला. राखीव ह्यूज पेजेस स्वॅप होत नाहीत, त्यामुळे हा प्रकार बंद होतो.

तिसरा फायदा टीएलबीचा, ज्याबद्दल सगळे बोलतात. पत्त्यांचं भाषांतर लवकर व्हावं म्हणून प्रोसेसर अलीकडची भाषांतरं एका छोट्या कॅशमध्ये ठेवतो. इंटेलच्या स्कायलेकमध्ये तिच्या दुसऱ्या पातळीवर १,५३६ नोंदी आहेत. ४ केबीच्या पेजेसनी त्यात ६ एमबी मेमरी सामावते, २ एमबीच्या पेजेसनी ३ जीबी. फरक खरा आहे, पण किती जाणवेल ते कामावर अवलंबून. एकेका खात्याची नोंद उघडणाऱ्या छोट्या क्वेरींना थोडा, मोठ्या रिपोर्टना जास्त. तुमच्या बाबतीत मी हे बोनस समजेन. खरी कमाई पेज टेबलची.

पेजेस किती राखायची? नेमका आकडा पोस्टग्रेसच सांगतं. १५ व्या आवृत्तीपासून ‘शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस’ हे सेटिंग आहे, चालू डेटाबेसमध्ये शो करून बघता येतं. जुन्या आवृत्तीत पोस्टमास्टरच्या स्टेटस फाइलमधला ‘व्हीएमपीक’ २,०४८ ने भागायचा. शेअर्ड बफर्सशिवाय लॉकची टेबलं, वॉलचे (डेटाबेसमधल्या बदलांच्या लॉगचे) बफर वगैरे त्यात येतं, म्हणून उत्तर ४,०९६ च्या थोडं वर, ४,२०० च्या आसपास येईल. त्यावर थोडी भर घालून ४,३०० ठेवा. ‘असू दे जास्तीची’ म्हणून ५,००० करू नका. राखलेली पण न वापरलेली ह्यूज पेजेस दुसऱ्या कुणालाही मिळत नाहीत. सातशे जादा पेजेस म्हणजे १.४ जीबी कुलुपात.

आकडा सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये ‘व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस’ म्हणून लिहा आणि मशीन रीबूट करा. चालू मशीनवर देता येतो, पण २ एमबीचं पेज म्हणजे ५१२ साधी पेजेस सलग मोकळी हवीत, आणि बरेच दिवस चाललेल्या मशीनवर मेमरीचे तुकडे झालेले असतात. ४,३०० मागावीत आणि २,१०० मिळावीत, असं नेहमी होतं. बडीइन्फो नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक झोनपुढे (मेमरीच्या विभागापुढे) अकरा आकडे असतात. त्यातला दहावा म्हणजे २ एमबीचे सलग मोकळे तुकडे. तो शून्याजवळ असेल तर खटाटोप करू नका, सरळ रीबूट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोस्टग्रेसमध्ये ‘ह्यूज पेजेस’ या सेटिंगला मुळात ‘ट्राय’ ही किंमत असते. म्हणजे मिळाली तर वापरेन, नाही मिळाली तर गुपचूप ४ केबीवर चालेन. हे तुमच्या मशीनवर घातक आहे. मला एका ठिकाणी बोलावलं होतं, तिथे हेच झालं होतं: कुणीतरी शेअर्ड बफर्स वाढवले, राखलेली पेजेस तेवढीच राहिली, पोस्टग्रेस काही न बोलता साध्या पेजेसवर सुरू झालं. राखीव ह्यूज पेजेस कुणीच वापरत नव्हतं आणि वर शेअर्ड बफर्सची जागा पुन्हा वेगळी लागली. एकाच गोष्टीसाठी दोनदा रॅम गेली आणि मशीन पूर्वीपेक्षा वाईट झालं. म्हणून ‘ऑन’ करा. मग पेजेस कमी पडली तर पोस्टग्रेस सुरूच होणार नाही, लॉगमध्ये कारण लिहील आणि तुम्ही रविवारीच ते दुरुस्त कराल. सोमवारी सकाळी अकराला कळण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सुरू झाल्यावर मेमइन्फोत टोटल ४,३०० आणि फ्री चार हजारांच्या घरात दिसलं तर घाबरू नका. पोस्टग्रेस सुरुवातीला जागा फक्त आरक्षित करतं, ती ‘आरएसव्हीडी’ या ओळीत दिसते. पेजेस वापरात येतील तसे फ्री आणि आरएसव्हीडी दोन्ही उतरतात. खरी मोकळी पेजेस म्हणजे फ्रीमधून आरएसव्हीडी वजा करून उरतील ती. टोटल आणि फ्री अगदी सारखे आणि आरएसव्हीडी शून्य असेल, तरच काहीतरी बिघडलंय.

‘आमच्याकडे ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस आधीच चालू आहेत’ असंही तुम्ही लिहिलंय. ती वेगळी गोष्ट. कर्नल २.६.३८ पासून, म्हणजे २०११ पासून, लिनक्स निनावी मेमरीला आपणहून मोठी पेजेस द्यायचा प्रयत्न करतो. पण सामायिक मेमरीसाठीचं त्याचं वेगळं बटण मुळात बंद असतं. म्हणून ‘ऑलवेज’ ठेवूनही शेअर्ड बफर्स ४ केबीवरच राहतात, आणि तुमच्या पेजटेबल्सच्या ओळीत नेमकं तेच दिसतंय. उलट ‘ऑलवेज’मुळे बॅकएंडच्या छोट्या खासगी मेमरीलाही मोठी पेजेस चिकटतात आणि वापर फुगतो. मी अशा मिश्र मशीनवर ‘मॅडव्हाइज’ ठेवतो: जो प्रोग्राम मागेल त्यालाच. उबुंटूत मुळात तेच असतं, रेड हॅटच्या कुटुंबात ‘ऑलवेज’ असतं, तेव्हा तपासून घ्या. जावाला ‘यूजट्रान्स्परंटह्यूजपेजेस’ हा पर्याय द्या, म्हणजे ती आपल्या हीपसाठी स्वतः मागेल. जावासाठी राखीव ह्यूज पेजेस वापरायचा मोह टाळा; त्या मोजणीत पोस्टग्रेस आणि जावा एकमेकांच्या ताटातलं ओढतात.

तुमचे तीन आकडे आता देतो. स्वॅप ४ जीबी करा, फार तर ८. रॅमच्या दुप्पट हा नियम लहान रॅमच्या काळातला. रेड हॅटही ८ जीबीच्या वरच्या रॅमला किमान ४ जीबी एवढंच सांगतं. लॅपटॉप हायबरनेट करायचा असता तर हिशोब वेगळा असता. पार्टिशन हवंच असं नाही, एक्सटी४ किंवा एक्सएफएसवर स्वॅप फाइल चालते. फक्त ती वॉल ज्या डिस्कवर आहे तिथे नको. आणि डिस्क क्लाउडमधली नेटवर्कवरची असेल, जिथे दर सेकंदाच्या आयओला मर्यादा असते, तर स्वॅपची ये-जा थेट तुमच्या डेटाबेसच्या वाट्यातून जाते, तेव्हा ४ च्या वर जाऊ नका. स्वॅपिनेस १० वर परत आणा. १ ठेवून कर्नलचे हात बांधण्यात अर्थ नाही, आणि ० ला तर पेज कॅश पार आटेपर्यंत तो स्वॅप करतच नाही. तुमची सिस्टीम सीग्रुपच्या (प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा लावणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) पहिल्या आवृत्तीवर असेल तर प्रत्येक गटाचा स्वॅपिनेस वेगळा असू शकतो, म्हणून पोस्टग्रेसच्या गटातला आकडाही बघा. पेज क्लस्टर मुळात ३ असतो, म्हणजे स्वॅपमधून एका वेळी आठ पेजेस उचलली जातात. एसएसडीवर तो ० किंवा १ करा.

ओव्हरकमिट (प्रोग्रामना एकूण किती मेमरी कबूल करायची ते ठरवणारं कर्नलचं सेटिंग) २ करावं असं पोस्टग्रेसच्या संदर्भात वाचायला मिळतं. निव्वळ डेटाबेसच्या मशीनवर मीही करतो. तुमच्याकडे नको. त्याची मर्यादा काढताना ह्यूज पेजेस रॅममधून वजा होतात, उरलेल्याचे मुळात ५० टक्के धरले जातात आणि त्यात स्वॅप मिळवला जातो. ३२ मधून ८.४ गेले, त्याचे निम्मे ११.८, अधिक स्वॅपचे ४: झाले १५.८ जीबी. यात जावा आणि चारशे बॅकएंड जेमतेम मावतात आणि रॅम शिल्लक असतानाच ‘आउट ऑफ मेमरी’ची ओरड सुरू होते.

आणखी दोन गोष्टी, ज्यांचा कर्नलशी संबंध नाही पण परिणाम मोठा आहे. वर्क मेम सगळ्यांसाठी ८ एमबी करा आणि रिपोर्टच्या डेटाबेस युझरला तेवढं ऑल्टर रोल करून ६४ द्या. काउंटरवरच्या क्वेरींना ६४ एमबी कधीच लागत नाहीत. दुसरं, पीजीबाउन्सर, म्हणजे बरीच कनेक्शन मोजक्या बॅकएंडवर वाटून देणारा मधला प्रोग्राम. चारशे कनेक्शनपैकी एका क्षणी खरं काम करणारी फार थोडी असतात. पूल लावला की प्रत्यक्ष बॅकएंड पन्नाससाठवर आणता येतात. खरं तर हाच मुळावरचा उपाय. तरी तो मी दुसऱ्या टप्प्यात ठेवतोय, कारण ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये सेशनला चिकटलेल्या गोष्टी, म्हणजे तात्पुरती टेबलं, सेशनचे लॉक, सेट केलेले पर्याय, मोडतात, आणि तुमचा काउंटरचा प्रोग्राम काय काय वापरतो ते तपासल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ह्यूज पेजेसना प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही.

म्हणून क्रम असा लावा. या आठवड्यात फक्त मोजा: दहा ते साडेबारा व्हीएमस्टॅट आणि मेमइन्फो फाइलमध्ये साठवा. रविवारी ह्यूज पेजेस, ‘ऑन’, मॅडव्हाइज, स्वॅप ४ जीबी, स्वॅपिनेस १०, आणि एक रीबूट. वर्क मेम त्याच दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. ते पुढच्या रविवारी. पोस्टग्रेस उठलं नाही तर लॉगमधला आकडा बघून पेजेस वाढवा. तेही जमलं नाही तर ‘ऑफ’ करून राखीव पेजेस शून्यावर आणा, पाच मिनिटांत पूर्वीच्या स्थितीत याल.

सोमवारी अकराला पेजटेबल्सची ओळ काही शे एमबीत असायला हवी. ती उतरली आणि एसआय-एसओ शांत झाले तर स्वॅपचा प्रश्न मिटला. ती उतरूनही ये-जा चालूच राहिली, तर प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधली ‘व्हीएमस्वॅप’ची ओळ काढून मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. निष्क्रिय बॅकएंड वर असतील तर काळजी नाही. जावा वर असेल तर मात्र आहे, कारण गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) हीपभर फिरतो आणि स्वॅपमध्ये गेलेलं प्रत्येक पेज परत ओढून आणतो. मिलिसेकंदांचा थांबा सेकंदांचा होतो. तेव्हा जावा दुसऱ्या मशीनवर हलवणं किंवा हीप ६ जीबीवर आणणं एवढेच मार्ग उरतात. ती यादी आणि व्हीएमस्टॅटची दोन तासांची फाइल पाठवलीत, तर दोन्हींपैकी कोणता घ्यायचा ते आकड्यांवरून सांगता येईल.